ससा उलटा कसा झाला?

सिडनीला किंवा मेलबर्नला मुलाकडे, लेकीकडे चार-सहा महिने राहून परतलेल्या आई-वडिलांच्या तोंडी दोन प्रश्न हमखास असतात. तिकडे चंद्र उलटा का दिसतो? आणि दुपारचा सूर्य उत्तरेला कसा जातो? थोडं बारकाईने पाहणारे तिसराही विचारतात. शुक्ल पक्षातला चंद्र उजवीकडून उजळत जातो असं आपण लहानपणापासून पाहत आलो. तिथे तो डावीकडून उजळत होता. मग आपली तिथी चुकली की काय?

तिथी बरोबर होती. चंद्रही तोच होता. या तिन्ही प्रश्नांना उत्तर एकच आहे, आणि त्याचा बराचसा भाग पुण्याच्या किंवा नागपूरच्या गच्चीवरून स्वतः तपासून पाहता येतो. ऑस्ट्रेलियाचं तिकीट त्यासाठी लागत नाही.

एक फरक सुरुवातीलाच लक्षात घेऊ. ‘दक्षिणेचं आकाश’ म्हटलं की त्रिशंकू, मित्र आणि मित्रक, मॅजेलनचे मेघ ही नावं पुढे येतात. यातलं काही महाराष्ट्रातून क्षितिजाला टेकल्यासारखं दिसतं, काही दिसतच नाही. उलट आपला ध्रुवतारा सिडनीकरांच्या क्षितिजावर कधीच येत नाही. ताऱ्यांच्या बाबतीत दोन्ही गोलार्धांची अशी वाटणी झालेली आहे. चंद्र आणि ग्रह मात्र सामाईक आहेत. पुण्यातून दिसणारा प्रत्येक ग्रह सिडनीतूनही दिसतो. बदलतात त्या दोन गोष्टी: तो पाहायला तोंड कुठे करायचं, आणि तो किती वर चढतो.

१. सगळ्यांचा रस्ता एकच

सूर्य वर्षभरात ताऱ्यांमधून ज्या मार्गाने फिरताना दिसतो, त्याला क्रांतिवृत्त म्हणतात. बारा राशी याच मार्गावर आहेत. चंद्राची कक्षा या मार्गाशी फक्त पाच अंशांनी कललेली आहे, आणि नुसत्या डोळ्यांना दिसणारे पाचही ग्रह याच मार्गाच्या आजूबाजूच्या पट्ट्यात राहतात. गुरू कधी सप्तर्षींत गेला किंवा शनी अगस्त्याशेजारी दिसला, असं घडत नाही.

आता हा पट्टा पृथ्वीच्या कुठल्या भागाच्या डोक्यावर आहे ते पाहू. सूर्य डोक्यावर येतो तो फक्त कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांच्या दरम्यान, म्हणजे विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना साडेतेवीस अंशांपर्यंत. लंडन या पट्ट्याच्या बरंच वर, ५१ अंश उत्तरेला आहे, म्हणून लंडनकराला सूर्य, चंद्र आणि ग्रह पाहायला दक्षिणेकडे तोंड करावं लागतं. सिडनी ३४ अंश दक्षिणेला आणि मेलबर्न जवळपास ३८ अंश दक्षिणेला, दोन्ही पट्ट्याच्या खाली. तिथल्या माणसाला उत्तरेकडे तोंड करावं लागतं. सिडनीत घर घेताना उत्तराभिमुख दिवाणखान्याला मागणी असते ती याचमुळे. हिवाळ्यातलं ऊन तिकडूनच आत येतं.

दाराबाहेर काढलेली रांगोळी आठवा. घरातून उंबरठ्यात उभं राहून पाहिली तर जी पाकळी वर दिसते, ती अंगणातून येणाऱ्या पाहुण्याला खाली दिसते. डावीकडचा कोयरीचा देठ त्याला उजवीकडे दिसतो. रांगोळी कोणी पुसली नाही, फिरवलीही नाही. चंद्राचं हेच झालेलं आहे. दक्षिणेकडे तोंड करून पाहणारा आणि उत्तरेकडे तोंड करून पाहणारा, दोघे एकाच नक्षीच्या दोन बाजूंना उभे आहेत. आणि उत्तरेकडे तोंड केलं की पूर्व उजव्या हाताला येते, पश्चिम डाव्या. म्हणून सिडनीत सूर्य आणि चंद्र उजवीकडे उगवून डावीकडे जातात. उगवतात मात्र पूर्वेलाच. याबद्दल शंका घेणारे लोक मला भेटले आहेत, म्हणून मुद्दाम सांगतो.

२. उलटा म्हणजे नेमका किती?

चंद्रावरचा ससा म्हणजे काळसर लाव्हाची मैदानं. पूर्वीच्या निरीक्षकांनी त्यांना ‘सागर’ म्हटलं, पाणी तिथे कधीच नव्हतं. सशाचं डोकं म्हणजे शांतिसागर, जिथे १९६९ मध्ये अपोलो ११ उतरलं. त्यापलीकडची दोन छोटी मैदानं म्हणजे कान. कानांच्या वर, कडेला एक सुटा, लंबगोल काळा ठिपका दिसतो, तो संकटसागर. खाली, म्हणजे चंद्राच्या दक्षिण भागात, टायको नावाचं सुमारे ८५ किलोमीटर व्यासाचं विवर आहे. पौर्णिमेला त्याच्यापासून निघालेले पांढरे पट्टे साध्या द्विनेत्रीतूनही सुरेख दिसतात. आपलं चांद्रयान-३ ऑगस्ट २०२३ मध्ये उतरलं ते टायकोपेक्षाही दक्षिणेला, चंद्राच्या ६९ अंश दक्षिण अक्षांशाजवळ.

पुण्यात दक्षिणेकडे तोंड करून मध्यावर आलेला पूर्ण चंद्र पाहिला तर संकटसागर उजवीकडे वर आणि टायको खाली. सिडनीत उत्तरेकडे तोंड करून पाहिला तर संकटसागर डावीकडे खाली आणि टायको वर. चांद्रयानाची जागाही वरच्या अंगाला. पूर्ण १८० अंशांचा फेर.

पण चंद्र उगवताना हा फेर एवढा मोठा नसतो, आणि बहुतेक पुस्तकं हे सांगायचं विसरतात. उगवता चंद्र पाहताना पुणेकरही पूर्वेकडे तोंड करतो आणि सिडनीकरही. दोघांची दिशा एकच. मग फरक उरतो तो फक्त गोल पृथ्वीवर दोघे किती तिरके उभे आहेत याचा, म्हणजे दोन्ही गावांच्या अक्षांशांच्या बेरजेचा. पुण्याचे साडेअठरा, सिडनीचे चौतीस; बेरीज साडेबावन्न अंश. उगवणारा ससा सिडनीत पुण्यापेक्षा सुमारे इतकाच कललेला असतो. व्हॉट्सअ‍ॅपवर क्षितिजावरच्या चंद्राचे फोटो येतात, त्यात तो ‘उलटा’ नसून ‘आडवा झालेला’ वाटतो तो यामुळे. मध्यावर येईपर्यंत उरलेला फरक आपल्या मानेने आणि पाठ फिरवण्याने भरून काढलेला असतो.

३. गच्चीवरचा प्रयोग

महाराष्ट्र सगळाच्या सगळा कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे. याचा अर्थ, चंद्र-सूर्याचा रस्ता थेट आपल्या डोक्यावरून जातो आणि वर्षातून काही काळ तो डोक्याच्या उत्तरेलाही सरकतो. शून्य सावलीचा दिवस आता आपल्या शाळांतून साजरा होतो. पुण्यात तो मेच्या मध्याला येतो, आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस. दुसरा बहुधा ढगांत वाया जातो. या दोन तारखांच्या मधले सुमारे अडीच महिने पुण्यातला दुपारचा सूर्य उत्तरेला असतो. ऑस्ट्रेलियात जाऊन ज्याचं नवल करायचं, ते दरवर्षी आपल्याच अंगणात होतं.

चंद्राचं हेच हिवाळ्यात घडतं. पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या बरोबर समोर असतो, म्हणून डिसेंबरमध्ये सूर्य दक्षिणेला असताना पूर्ण चंद्र उत्तरेला चढतो. मार्गशीर्ष पौर्णिमेला, दत्तजयंतीच्या रात्री, बाराच्या सुमारास गच्चीवर जा. चंद्र जवळजवळ डोक्यावर असेल, किंचित उत्तरेला. आधी दक्षिणेकडे तोंड करून, मान मागे टाकून ससा पाहा. मग जागच्या जागी उत्तरेकडे वळा आणि पुन्हा पाहा. दुसऱ्या वेळी दिसेल तो सिडनीचा ससा. मान दुखत असेल तर सतरंजीवर आडवे व्हा, एकदा पाय दक्षिणेला करून आणि एकदा उत्तरेला.

हा प्रयोग या दशकात चांगला जमतो. चंद्राच्या पाच अंशांच्या कलाची दिशा १८.६ वर्षांत एक फेरी पूर्ण करते. २०२४-२५ मध्ये चंद्र विषुववृत्ताच्या साडेअठ्ठावीस अंश उत्तरेपर्यंत जात होता. २०३४ च्या सुमारास तो साडेअठराच्या पलीकडे जाणार नाही, म्हणजे पुण्याच्या जेमतेम डोक्यापर्यंत.

४. कोर कुठल्या कुशीवर?

डावी-उजवी बाजू बदलते म्हटल्यावर तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आपोआप मिळतं. अमावास्येनंतर चंद्राची सूर्याकडची, म्हणजे पश्चिमेकडची कड उजळते. पश्चिम पुणेकराच्या उजव्या हाताला, सिडनीकराच्या डाव्या हाताला. शुक्ल अष्टमीचा अर्धा चंद्र तिथे डावीकडे उजळलेला दिसतो.

बीजेच्या, तीजेच्या कोरीचं प्रकरण थोडं वेगळं आहे. ती संध्याकाळी पश्चिमेला दिसते, म्हणजे दोन्हीकडचे लोक पश्चिमेकडेच तोंड करून असतात. इथे महत्त्व क्रांतिवृत्त मावळतीच्या क्षितिजाशी किती उभं आहे याला. पुण्यात गुढीपाडव्याच्या आसपास ते जवळजवळ काटकोनात उभं असतं, म्हणून चैत्रातली पहिली कोर दोन्ही टोकं वर करून निवांत पहुडलेली दिसते. भाद्रपदात तेच क्रांतिवृत्त अठ्ठेचाळीस अंशांपर्यंत झुकतं आणि कोर कुशीवर येते.

सिडनीत महिने उलटे. तिथे सप्टेंबरमध्ये क्रांतिवृत्त सुमारे ऐंशी अंशांत उभं असतं आणि मार्चमध्ये तेहतीस अंशांवर येतं. पाडव्याची पहुडलेली कोर तिथे गणपतीच्या दिवसांत दिसते. हा ऋतूनुसार बदलणारा कोन लक्षात ठेवा. बुधाकडे वळलो की तो पुन्हा लागणार आहे.

५. उंचीचा साधा हिशेब

ग्रह पाहायचा तर तो जितका वर तितका चांगला. डोक्यावरच्या ग्रहाचा प्रकाश हवेच्या एका थरातून येतो असं धरलं, तर ३० अंश उंचीवर तो दुप्पट हवेतून येतो आणि १० अंशांवर पाचपटीहून जास्त. या हवेतली हालचालच दुर्बिणीतल्या ग्रहाला थरथरवते. गुरूचे पट्टे किंवा मंगळावरचे डाग पाहणाऱ्याला दुर्बिणीच्या भिंगाइतकीच किंमत या उंचीची असते.

ती काढायला एकच वजाबाकी पुरते. पंचांगात किंवा मोबाइलवरच्या तारांगणाच्या अ‍ॅपमध्ये ग्रहाची ‘क्रांती’ दिलेली असते. आकाशातल्या विषुववृत्तापासून तो किती अंश उत्तरेला किंवा दक्षिणेला आहे, ते म्हणजे क्रांती. तुमच्या गावाचे अक्षांश आणि ग्रहाची क्रांती यांतलं अंतर काढा, ते ९० मधून वजा करा. ग्रह मध्यावर येईल तेव्हाची उंची मिळाली. दोन्ही एकाच बाजूचे असतील तर वजाबाकीने अंतर निघतं, विरुद्ध बाजूचे असतील तर बेरजेने.

पडताळा घेऊ. १० जून २०१९ ला गुरू सूर्याच्या बरोबर समोर होता, वृश्चिकाच्या शेजारी, क्रांती सुमारे २२ अंश दक्षिण. सिडनी ३४ दक्षिण, अंतर १२, उंची ७८ अंश. पुणे साडेअठरा उत्तर, अंतर साडेचाळीस, उंची साडेएकोणपन्नास. लंडनच्या माणसाला तो जेमतेम १६ अंशांवर, शेजारच्या घराच्या कौलांवर. आता जानेवारी २०२६ घ्या. गुरू मिथुनेत, क्रांती २२ उत्तर. पुण्यात ८६ अंश, म्हणजे डोक्यावरच. सिडनीत अवघा ३४.

गुरूला राशिचक्राची फेरी करायला बारा वर्षं लागतात, त्यामुळे सहा वर्षं एका गोलार्धाची, सहा दुसऱ्याची असा साधारण व्यवहार चालतो. २०३१ च्या सुमारास तो पुन्हा सिडनीच्या माथ्याजवळ असेल. शनीची फेरी साडेएकोणतीस वर्षांची, म्हणून त्याच्या बाबतीत संयम हवा. २०१८ मध्ये तो धनू राशीत होता, दक्षिणेकडच्या निरीक्षकांच्या भाग्याचा. तेव्हापासून तो उत्तरेकडे सरकत आहे आणि २०३२ च्या सुमारास वृषभ-मिथुनेत पोचेल. ऑस्ट्रेलियात राहणाऱ्या नातवंडांसाठी दुर्बीण घेणार असाल तर शनीची कडी तोवर दरवर्षी थोडी खालीच दिसत जाणार, हे जमेस धरा.

६. मंगळाचा पक्षपात

गुरू आणि शनी दोन्ही गोलार्धांना आळीपाळीने न्याय देतात. मंगळ देत नाही.

मंगळ दर सव्वीस महिन्यांनी पृथ्वीच्या जवळ येतो, पण प्रत्येक वेळी सारखाच जवळ नाही. त्याची कक्षा बरीच लांबट आहे. त्यातला सूर्याच्या सर्वांत जवळचा बिंदू पृथ्वी ऑगस्टच्या अखेरीस ओलांडते त्या दिशेला आहे. म्हणून मंगळाच्या अगदी जवळच्या भेटी जुलै ते सप्टेंबरच्या आसपासच होतात. त्या वेळी तो सूर्याच्या समोर, म्हणजे मकर-कुंभेच्या आसपास, आकाशाच्या दक्षिण भागात असतो.

ऑगस्ट २००३ मध्ये मंगळ पाच कोटी ५८ लाख किलोमीटरवर आला होता. सुमारे साठ हजार वर्षांत इतका जवळ आला नव्हता. क्रांती होती १६ अंश दक्षिण. सिडनीत उंची ७२ अंश, लंडनमध्ये २२. जुलै २०१८ ची भेटही अशीच, क्रांती आणखी दक्षिणेला. त्या वेळी २७-२८ जुलैच्या रात्री मंगळाच्या शेजारीच पूर्ण चंद्रग्रहणही झालं.

पुण्याला २००३ मध्ये वजाबाकीप्रमाणे ५५ अंश मिळत होते, जे काही वाईट नाही. अडचण दुसरीच आहे. जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर म्हणजे आपला पावसाळा. मंगळ साठ हजार वर्षांनी जवळ आला तो श्रावणात! सिडनीत हेच महिने हिवाळ्याच्या अखेरीचे, त्यातल्या त्यात कोरडे. मग आपल्या स्वच्छ थंडीत मंगळ कधी समोर येतो? येतो, पण लांबून. १९ फेब्रुवारी २०२७ ची भेट तशी आहे: पुण्यात जवळजवळ डोक्यावर, आकाश निरभ्र, आणि अंतर दहा कोटी किलोमीटरहून जास्त. दुर्बिणीत तो २००३ च्या जेमतेम निम्म्याहून थोडा मोठा दिसेल. पुढच्या खऱ्या जवळच्या भेटी २०३३ च्या जूनअखेरीस आणि २०३५ च्या सप्टेंबरमध्ये आहेत. हौशी मंडळींनी तेव्हाची रजा ऑस्ट्रेलियासाठी राखून ठेवली तर मी त्यांना वेड्यात काढणार नाही.

७. बुध, दोनदा नशीबवान

बुध सूर्याला सोडून फार लांब जात नाही, त्यामुळे आयुष्यात एकदाही न पाहिलेला ग्रह म्हणून त्याची ख्याती आहे. तो सूर्यापासून जास्तीत जास्त किती लांब दिसतो? कधी १८ अंश, कधी २८. हात समोर ताणून धरलेली मूठ साधारण दहा अंश झाकते. म्हणजे दोन मुठींपासून तीन मुठींपर्यंत. हा फरक पडतो कारण त्याचीही कक्षा लांबट आहे. सूर्यापासून तो ४ कोटी ६० लाख ते ७ कोटी किलोमीटर अंतरात खाली-वर करत असतो.

आता चौथ्या भागातला कोन आठवा. संध्याकाळी क्रांतिवृत्त उभं असेल तर बुध सूर्याच्या थेट वर असतो आणि अंधार पडेपर्यंत टिकतो. झुकलेलं असेल तर तो क्षितिजालगत सरपटतो आणि संधिप्रकाशातच मावळतो. पुण्यात संध्याकाळचं क्रांतिवृत्त उभं असतं मार्चच्या आसपास, आणि नेमक्या त्याच दिवसांत बुध सूर्यापासून १८-१९ अंशच दूर जातो. सिडनीत ते उभं असतं सप्टेंबरच्या आसपास, आणि बुधाच्या संध्याकाळच्या २७ अंशांच्या फेऱ्या येतात त्याच हंगामात. लांब अंतर आणि उभा रस्ता, दोन्ही एकदम. मार्च-एप्रिलच्या पहाटेही दक्षिण गोलार्धात हाच योग जुळतो. म्हणून बुध पाहायचा असेल तर जागा तीच. तिथे तो पूर्ण काळोख्या आकाशात, ताऱ्यांच्या सोबतीने दिसू शकतो.

न्यूझीलंडच्या किनाऱ्यावर ‘मर्क्युरी बे’ नावाचा उपसागर आहे. कॅप्टन जेम्स कुक १७६९ च्या जूनमध्ये ताहितीला शुक्राचं अधिक्रमण पाहून, म्हणजे शुक्राचा ठिपका सूर्यबिंबावरून जाताना पाहून, पुढे निघाला होता. ९ नोव्हेंबरला त्याच्या तुकडीने या उपसागरावरून बुधाचं अधिक्रमण पाहिलं, आणि नाव तेच पडलं. रेखांश ठरवायला अशा निरीक्षणांचा उपयोग होत असे. त्या दिवशी बुध दिसला तो सूर्याच्या तेजावरचा काळा ठिपका म्हणून, आकाशातला ग्रह म्हणून नव्हे.

८. संकष्टीचा चंद्र आणि घड्याळ

परदेशातल्या मराठी घरांत चंद्राची खरी चौकशी होते ती संकष्टीला. सिडनीतल्या चंद्रोदयाची वेळ पुण्याच्या दिनदर्शिकेतून घेता येत नाही, हे सगळ्यांना माहीत असतं. उपास कधी लवकर सुटतो आणि कधी फार ताणतो, याचं कारण मात्र फारसं सांगितलं जात नाही.

चंद्र रोज सरासरी पन्नास मिनिटं उशिरा उगवतो, पण ही फक्त सरासरी. उगवतीला क्रांतिवृत्त झुकलेलं असेल तर पौर्णिमेनंतरचा रोजचा उशीर अर्ध्या-पाऊण तासावर येतो. उभं असेल तर तासाच्या पुढे जातो. सिडनीत मार्च-एप्रिलच्या पौर्णिमेनंतर उशीर कमी, सप्टेंबर-ऑक्टोबरच्या पौर्णिमेनंतर जास्त. चार दिवसांत हा फरक दोन तासांच्या घरात जातो. त्यावर ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी तिथली घड्याळं एक तास पुढे जातात. त्या सुमाराच्या संकष्टीला मोदक गार होणारच.

घड्याळाचा हा तास कोजागरीलाही आडवा येतो. पूर्ण चंद्र माथ्यावर येतो तो खऱ्या मध्यरात्री, आणि ऑक्टोबरच्या मध्यात सिडनीची खरी मध्यरात्र घड्याळात पाऊण वाजताच्या पुढेमागे होते. बाराला दूध प्यायलात तर चंद्र अजून चढतच असेल. शिवाय तिथे तो वसंत ऋतू असतो. शरदाचं चांदणं हा आपला हिशेब. वटपौर्णिमेचा चंद्र मात्र सिडनीकरांनी आवर्जून पाहावा. पुण्यात तो दक्षिणेला अर्ध्यावर राहतो, तिथे जवळजवळ डोक्यावर येतो.

न्यूझीलंडमध्ये चंद्र आणि तारे यांच्या जोडहिशेबावर २०२२ पासून सार्वजनिक सुट्टीच ठरते. ‘मातारिकी’ हा माओरी लोकांचा नववर्षाचा सण. मातारिकी म्हणजे आपल्या कृत्तिका. जून-जुलैच्या पहाटे त्या पुन्हा दिसू लागतात, आणि त्या चांद्रमासातला कृष्ण पक्षातला अर्धा चंद्र ज्या सुमाराला येतो, त्याच्या जवळचा शुक्रवार सुट्टीचा असतो. तिथीवरून सुट्टी शोधणाऱ्या माणसाला हे अजिबात परकं वाटणार नाही.

९. दुर्बिणीत सरळ काय आणि उलटं काय

साधी आरशाची दुर्बीण चित्र उलटं करते. खगोलशास्त्रात ते सरळ करायला जास्तीची भिंगं घालत नाहीत, कारण प्रत्येक भिंग थोडा प्रकाश खातं. युरोपातल्या निरीक्षकांना म्हणून दुर्बिणीत चंद्र दक्षिण वर असाच दिसे, आणि चंद्राचे जुने नकाशेही दक्षिण वर ठेवून छापले जात. १९६१ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोल संघटनेने अंतराळवीरांच्या सोयीसाठी उत्तर वर, पूर्व उजवीकडे अशी मांडणी स्वीकारली. गंमत म्हणजे, जुना नकाशा हातात घेतला तर तो सिडनीत नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या चंद्राशी तंतोतंत जुळतो, आणि तिथे दुर्बिणीतून पाहिलं की चंद्र आपल्या ओळखीचा, ससा सरळ असा होतो. गुरूवरचा तांबडा डाग त्याच्या दक्षिण अर्धात आहे. तो तिथे डोळ्यांच्या हिशेबाने वर, दुर्बिणीच्या हिशेबाने खाली. गोंधळ झाला तर नकाशाचा कागद फिरवायचा, त्यात कमीपणा नाही.

अपोलो ११ चं चंद्रावरचं थेट चित्रणही सुरुवातीला उलटंच आलं होतं. कारण साधं होतं: यानाच्या बाजूला कॅमेरा उलटा बसवला होता. जमिनीवरच्या केंद्रात एक बटण फिरवल्यावर चित्र सरळ झालं. पहिल्या पावलाचं जे दृश्य जगाने पाहिलं, ते ऑस्ट्रेलियातल्या कॅनबेराजवळच्या हनीसकल क्रीक केंद्राने पकडलेलं. काही मिनिटांनी पार्क्सच्या मोठ्या रेडिओ दुर्बिणीने ते काम हाती घेतलं. चंद्र तेव्हा ऑस्ट्रेलियाच्या आकाशात होता.

१०. २२ जुलै २०२८

आतापर्यंतचा सगळा हिशेब एकाच दुपारी वापरायची संधी जवळ आली आहे. २२ जुलै २०२८ च्या खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा ऑस्ट्रेलियाच्या वायव्येकडून तिरका उतरत थेट सिडनीवरून जातो आणि पुढे न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर पोचतो. सिडनीत दुपारी दोनच्या सुमारास सूर्य साडेतीन मिनिटांहून जास्त वेळ पूर्ण झाकला जाईल.

उंची काढा. त्या दिवशी सूर्याची क्रांती सुमारे २० अंश उत्तर, सिडनी ३४ दक्षिण, अंतर ५४, उंची ३६. हे मध्यान्हीचं, दोनपर्यंत तो तीसच्या आसपास उतरलेला असेल, उत्तरेच्या डावीकडे. म्हणजे उत्तरेला उंच इमारत असलेली गॅलरी कुचकामी. चंद्र सूर्यावर सरकतो तो नेहमी पश्चिमेकडून पूर्वेकडे. भारतात दक्षिणेकडच्या सूर्याचं ग्रहण पाहताना पहिला घास उजवीकडून लागतो, तिथे तो डावीकडून लागेल. पूर्ण झाकला जाईपर्यंत आणि त्यानंतर पुन्हा, ग्रहणाचा प्रमाणित चष्मा डोळ्यांवर हवाच. फक्त मधल्या साडेतीन मिनिटांत तो काढायचा.

तारीख शनिवारची आहे, त्यामुळे रजेचा प्रश्न नाही. मुलाकडे जायचं तिकीट मात्र जूनच्या आत काढलेलं बरं, आणि परतीचं जुलैच्या चौथ्या आठवड्यानंतरचं.